मूठमाती

मराठीत 'मूठमाती' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून फार दूर गेले आहेत. वर्तमानपत्रांत व व्यासपीठांवर तो टाकून देण्याच्या अर्थाने येतो. जुन्या रूढींना मूठमाती द्या, अंधश्रद्धेला मूठमाती द्या, असे आपण वाचतो. आपल्या धर्मग्रामात मात्र तो अजून मूळ अर्थाने जिवंत आहे. शवपेटी खड्ड्यात उतरते, धर्मगुरूंची प्रार्थना संपते आणि घरची माणसे एकेक करून पुढे होतात, वाकून मूठभर माती उचलतात व ती पेटीवर टाकतात. लाकडावर माती पडल्याचा तो आवाज ज्याने एकदा ऐकला आहे, त्याची जीभ हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरताना थोडी अडखळते. निदान माझी तरी अडखळते.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये सोफोक्लीस या नाटककाराने 'अँटिगनी' नावाचे एक नाटक लिहिले. इसवी सनपूर्व ४४१ हे त्याचे साल साधारणपणे मानले जाते. त्या नाटकात युद्ध आहे, पण ते सुरुवातीपूर्वीच संपलेले आहे. प्रेम आहे, पण प्रेमिकांचा एकही संवाद नाही. सारा झगडा आहे तो मूठभर मातीचा. थीब्ज नगरीचा राजा ईडिपस याचे दोन पुत्र, एटिओक्लीस आणि पॉलिनायसीस, गादीसाठी लढले. एक नगराच्या बाजूने उभा राहिला, दुसऱ्याने परक्यांचे सैन्य आणून स्वतःच्या गावाला वेढा घातला. दोघेही एकमेकांच्या हातून पडले. गादीवर आलेल्या क्रेऑनने हुकूम काढला की एटिओक्लीसला सन्मानाने पुरावे; पॉलिनायसीसला मात्र कोणी माती देऊ नये, त्याच्यासाठी रडू नये, त्याला पक्ष्यांनी व कुत्र्यांनी खावे. जो हुकूम मोडील त्याला मृत्युदंड. बहीण अँटिगनी हा हुकूम मोडते. पुरण्याइतके बळ तिच्याजवळ नाही, वेळही नाही. ती भावाच्या देहावर कोरडी माती शिंपडते, एवढेच. पहारेकरी ती माती झाडून टाकतात. ती पुन्हा येते, पुन्हा माती टाकते आणि पकडली जाते.

नवी पेठेतले आमचे घर म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. खाली कापडाचे दुकान आहे. दुकानाचे मालक तेलुगू घरचे, शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण गोष्ट ऐकण्याचा षोक दांडगा. भर दुपारी पेठेत गिऱ्हाईक नसते, तेव्हा मी पायरीवर जाऊन बसतो. एका दुपारी मी त्यांना ही कथा सांगितली. सगळी ऐकून घेऊन ते म्हणाले, "क्रेऑन तिचा मामा होता म्हणता की, सर. म्हणजे तो मेलेलाही त्याचा भाचाच झाला. मग माती त्यानंच द्यायला पाहिजे होती. मामा जिवंत असताना पोरीवर ही वेळ यावी म्हणजे काय!"

या नाटकावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. एका बाजूला कुटुंब, दुसऱ्या बाजूला राज्य अशी त्याची मांडणी करण्याची आपल्याला सवय झाली आहे. दुकानदारांच्या एका वाक्याने ती मांडणी माझ्यापुरती तरी ढासळली. क्रेऑन हा राणी योकास्टाचा सख्खा भाऊ. भाच्यांचे आईबाप गेलेले, दोन्ही भाचे एकमेकांच्या हातून मेलेले; मागे उरला तो वडीलधारा पुरुष हाच. म्हणजे राजाचे कर्तव्य आणि आप्ताचे कर्तव्य अशी दोन्ही ओझी प्रथम त्याच्याच डोक्यावर आली होती. त्यांतले एक त्याने हुकूमनामा काढून उतरवून ठेवले आणि ते एका मुलीला उचलावे लागले.

नात्यांचा गुंता एवढ्यावर थांबत नाही. क्रेऑनचा मुलगा हेमॉन याच्याशी अँटिगनीचे लग्न ठरलेले आहे, म्हणजे ती त्याची आतेबहीण. सोलापुरात तेलुगू आणि कानडी घरांतून मामाच भाचीशी लग्न करतो, त्यामुळे आमच्या पेठेत कोणाला याचे नवल वाटले नाही. आपल्या धर्मग्रामात मात्र असे लग्न ठरले असते तर धर्मप्रांताकडून सूट मागावी लागली असती. असो.

क्रेऑनला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. सोफोक्लीसने तसे केलेले नाही. नगर नुकतेच विनाशातून वाचले आहे. देशापेक्षा आपल्या माणसाला जवळचा मानणारा राज्यकर्ता काय कामाचा, असे क्रेऑन आपल्या पहिल्या भाषणात विचारतो, आणि हे भाषण अथेन्सच्या लोकांना इतके पटण्यासारखे होते की पुढे शंभर वर्षांनी, इ. स. पू. ३४३ मध्ये, डेमॉस्थेनिस या थोर वक्त्याने आपल्या प्रतिपक्षाविरुद्ध ते भर न्यायसभेत वाचायला लावले. खुद्द अथेन्समध्येही देशद्रोह्याला स्वदेशाच्या भूमीत पुरू देत नसत. पण सीमेबाहेर नेऊन त्याला माती देण्याची वाट आप्तांना मोकळी असे. क्रेऑनने तीही वाट बंद केली. त्याची शिक्षा मेलेल्याला पुन्हा एकदा मारू पाहते, आणि तिथे राज्याचा काही लाभ उरत नाही.

त्याच्या पडझडीचे खरे ठिकाण मला हुकूम वाटत नाही, हेमॉनशी झालेले बोलणे वाटते. मुलगा बापापुढे फार अदबीने येतो. गावात लोक त्या मुलीसाठी हळहळताहेत, तुमच्या भीतीने कोणी तोंडावर बोलत नाही, एवढेच तो सांगतो. पुरात वाकणारी झाडे टिकतात, ताठ उभी राहिलेली उन्मळतात, असाही दाखला देतो. क्रेऑन म्हणतो ते थोडक्यात असे की राज्य माझे आहे, लोकांनी मला शिकवू नये. ज्या नगरासाठी म्हणून त्याने भाच्याचा देह उघड्यावर टाकला, त्या नगराचेच म्हणणे ऐकायला तो तयार नाही. पहिल्या भाषणातला कर्तव्यदक्ष राजा इथवर येता येता एक हट्टी मामा होऊन बसला आहे.

अँटिगनीही काही देवघरातली मूर्ती नव्हे. तिची बहीण इस्मिनी भिते, आपण बायका, राजापुढे आपले काय चालणार, म्हणते. पण अँटिगनी पकडली गेल्यावर तीच इस्मिनी पुढे येऊन मलाही शिक्षा द्या म्हणून सांगते, आणि अँटिगनी तिला झिडकारते. हे वाचताना मन इस्मिनीकडे ओढले जाते. मरणाच्या वाटेवर तर अँटिगनी एक विलक्षण युक्तिवाद करते: नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केले नसते, कारण नवरा दुसरा मिळतो, मूलही दुसरे होते, आईबाप गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा मिळत नाही. जर्मन कवी गटे याला हा भाग इतका खटकला की या ओळी सोफोक्लीसच्या नाहीत असे कोणी पंडिताने सिद्ध करून दाखवावे, अशी इच्छा त्याने १८२७ साली बोलून दाखवली. मला उलट वाटते. याआधी तिने राजापुढे देवांच्या अलिखित नियमांची भाषा केली होती आणि ती भाषा उदात्त होतीच. पण एकटी उरल्यावर तत्त्व गळून पडते आणि भाऊ तेवढा शिल्लक राहतो. शोक असाच बोलतो, त्याला हिशेब जुळवता येत नाही.

आणखी एक पात्र आहे, तो साधा पहारेकरी. बातमी सांगायला कोणी जायचे यावर चिठ्ठ्या पडल्या आणि याचे नाव निघाले, म्हणून तो रेंगाळत, थांबत थांबत राजाकडे येतो. मुलीला पकडून आणतो तेव्हा मोकळेपणाने सांगतो की तिचे वाईट वाटते, पण माझा जीव वाचला हे मला जास्त मोलाचे आहे. हुकूम काढणारा एक असतो, तो पाळून घेणारे असे पुष्कळ असतात.

मराठी रंगभूमीने हे ग्रीक घराणे पाहिलेले आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' लिहून बापाची कथा मराठीत आणली. मुलीची कथा डॉ. श्रीराम लागूंनी आणली, पण ती झाँ अनुई या फ्रेंच नाटककाराच्या नाटकावरून. अनुईचे नाटक १९४४ साली जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्यातला क्रेऑन थकलेला, समजूतदार, जवळजवळ पटणारा आहे, आणि म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो.

आपल्या सोलापूरलाही असे हुकूमनामे अपरिचित नाहीत. नवी पेठेतून पार्क चौकाकडे गेले की चार हुतात्म्यांचे पुतळे लागतात. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली, ८ मे रोजी येथे गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी व न्यायालय जाळले, आणि काही दिवस शहरावर इंग्रजांचा अंमलच उरला नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा आला. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चौघे चार समाजांतले. त्यांचा खटला आणि त्याचे राजकारण हा निराळ्या लेखाचा विषय आहे. पण फाशी दिल्यावर प्रत्येक सत्तेपुढे क्रेऑनचाच प्रश्न उभा राहतो की या देहाचे आता काय करायचे.

बरोबर दहा आठवड्यांनी, २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरला या प्रश्नाचे जे उत्तर दिले गेले ते सर्वज्ञात आहे. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीच फाशी देण्यात आले. देह घरच्यांना दिले नाहीत. रातोरात ते गुपचूप सतलजच्या काठी नेऊन घाईघाईने जाळण्यात आले. राजगुरू बावीस वर्षांचे होते. खेडच्या घरातल्या कोणालाही त्यांच्या चितेला हात लावता आला नाही. एवढे मोठे साम्राज्य, तीन तरुणांचे प्राण घेऊन झाल्यावरही त्यांच्या अंत्ययात्रेला भ्यायले. फाळणीत हुसैनीवालाची ती जागा पाकिस्तानात गेली, आणि १९६१ साली भारताने प्रदेशाची अदलाबदल करून ती परत घेतली. ज्या देहांची राखही घरी जाऊ दिली नव्हती, त्यांच्या राखेच्या जागेसाठी सरहद्द हलवावी लागली.

त्याहून मागे जायचे तर मार्च १६८९ आहे. औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांचा वध करवला तेव्हा राजघराण्यातले जवळचे कोणी तिथे पोहोचणे शक्य नव्हते. भीमेकाठच्या वढू बुद्रुकची परंपरा सांगते की बादशहाचे भय बाजूला सारून गावकऱ्यांनी महाराजांच्या देहाचे अवशेष गोळा केले आणि अग्निसंस्कार केला. हे नेमके कोणत्या घराने केले याविषयी गावात एकाहून अधिक परंपरा आहेत, आणि त्या मानावरून अलीकडे कटू वादही झाले. वाद दुःखद आहे; पण तीनशे वर्षांनंतरही माणसे ज्याच्यासाठी भांडतात तो मान लढाई जिंकल्याचा नाही, वतन मिळाल्याचा नाही, मूठमाती दिल्याचा आहे.

आपल्या पवित्र शास्त्रात अँटिगनीची भावंडे आहेत हे आपण सहसा लक्षात घेत नाही. तोबितचे पुस्तक कॅथोलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये बहुधा नसते, म्हणून शेजारच्या चर्चमधल्या मित्रांशी बोलताना ही कथा सांगावी लागते. निनवे नगरीत बंदिवासात असलेला तोबित, सन्हेरीब राजाने मारून टाकलेल्या आपल्या बांधवांचे देह चोरून पुरत असे. कोणीतरी चुगली केली, त्याला पळून जावे लागले, मालमत्ता जप्त झाली. परत आल्यावर सणाच्या दिवशी तो जेवायला बसतो, तोच मुलगा सांगत येतो की आपल्यातला एक जण बाजारात मरून पडला आहे. तोबित ताटावरून उठतो. शेजारी हसतात, की याला अजून अक्कल आली नाही. प्रभूने मत्तयच्या शुभवर्तमानात भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र अशी सहा दयाकृत्ये सांगितली. धर्मसभेने त्यांत सातवे म्हणून मृतांना माती देणे जोडले, ते या तोबितवरून.

मला मात्र रिस्पा अधिक जवळची वाटते. तिच्यावर क्वचितच प्रवचन ऐकायला मिळते. ती शौल राजाची उपपत्नी. शौलाने केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून दावीद राजाने शौलाचे सात वंशज गिबोनकरांच्या हवाली केले. त्यांनी त्यांना डोंगरावर टांगले. सातांपैकी दोघे रिस्पाचे मुलगे. हे सारे जवाच्या कापणीच्या सुरुवातीला घडले. रिस्पाने खडकावर गोणपाट अंथरले आणि पाऊस पडेपर्यंत तिथेच बसून राहिली. दिवसा पक्ष्यांना, रात्री श्वापदांना तिने देहांजवळ येऊ दिले नाही. त्या देशात कापणी वसंतात सुरू होते आणि पाऊस येतो तो शरदात. म्हणजे पुष्कळ महिने झाले. तिने हुकूम मोडला नाही, राजापुढे तोंड उघडले नाही, शास्त्रात तिचा एक शब्दही नोंदलेला नाही. दावीदाच्या कानावर ही गोष्ट गेली. त्याने त्या सातांच्या अस्थी गोळा करवल्या, शौल व योनाथान यांच्याही आणवल्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या थडग्यात पुरवल्या. दावीदाच्या हातून पुष्कळ पापे घडली, पण एका बाईचे बसून राहणे त्याला ऐकू आले. क्रेऑनला स्वतःच्या मुलाचे बोलणे ऐकू आले नाही.

शेवटी क्रेऑनही वळतो. आंधळा द्रष्टा टायरेसिअस त्याला भय घालतो, नगरातले वृद्ध सांगतात की आधी जा आणि गुहेत कोंडलेल्या मुलीला सोडव, मग मृताला माती दे. क्रेऑन निघतो, पण क्रम उलटा करतो. आधी भाच्याचा अंत्यविधी यथासांग करतो, मग गुहेकडे जातो. तोपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन तिच्याजवळ तलवारीने प्राण देतो, ते ऐकून राणीही जीव देते. राजा सुधारला, फक्त एका अंत्यविधीच्या वेळेपुरता उशीर झाला.

२०२० साली हा विषय पुस्तकातून उठून आपल्या घरांत आला. ३० मार्च रोजी मुंबई महापालिकेच्या आयुक्तांनी परिपत्रक काढले की कोरोनाने मृत्यू पावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे. बोभाटा झाला आणि त्याच दिवशी ते बदलण्यात आले. पुढे वांद्र्याच्या दफनभूमीत असे दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २२ मे रोजी न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली आणि सन्मानाने दफन होणे हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. परिपत्रक काढणाऱ्यांवर पुष्कळांनी टीका केली. मला त्यांचे मागे फिरणे महत्त्वाचे वाटते. रोग नवा होता, भय खरे होते. क्रेऑनचेही सुरुवातीला खरेच होते.

त्याच वर्षी सप्टेंबरात माझे धाकटे मामा येथील एका रुग्णालयात गेले. मुलगा परदेशी अडकलेला, जवळ होती ती मुलगी, माझी मामेबहीण. तिला चेहरा पाहायचा होता आणि हातात जपमाळ द्यायची होती. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्चमध्येच काढलेल्या सूचनांत दोन गोष्टी स्पष्ट होत्या: देहाला आंघोळ घालणे, चुंबन, आलिंगन यांना मनाई, पण पिशवीची चेहऱ्याकडची बाजू उघडून शेवटचे दर्शन घेता येईल, आणि स्पर्श न करता शास्त्रपठण करता येईल, पवित्र पाणी शिंपडता येईल. आमच्या ओळखीच्या एका फादरांनी तो कागद तिच्या मोबाईलवर पाठवला होता. खिडकीतल्या माणसाला तिने तो दाखवला. त्याने वाचलाही. मग म्हणाला, "ताई, आम्हाला वरून सांगितलंय, उघडायचं नाही." वरून म्हणजे कोणी, हे त्यालाही ठाऊक नव्हते. तो उद्धट नव्हता. चौदा तास ड्युटी करून त्याचे डोळे सुजले होते. ज्या कागदाचा त्याला धाक होता त्या कागदात त्याच्यापेक्षा जास्त दया लिहिलेली होती, एवढेच. जपमाळ त्याने घेतली आणि पिशवीवर ठेवतो म्हणाला.

दफनभूमीत पांढऱ्या पोशाखातल्या चौघांनी दोऱ्यांनी देह खाली सोडला. आम्ही सात-आठ जण लांब भिंतीजवळ उभे होतो. फादरांनी तिथूनच मोठ्याने प्रार्थना म्हटली. फावडी चालू झाली तेव्हा माझी मामेबहीण कोणाला न विचारता चार पावले पुढे गेली आणि थांबली. चौघांपैकी एकाने फावडे थांबवले, बाकीच्यांना हाताने खूण केली आणि तिला म्हणाला, "या बाजूनं या ताई, इथली माती कोरडी आहे. लवकर." तिने वाकून मूठ भरली आणि टाकली. लाकडी पेटी नव्हती, त्यामुळे आवाज झाला नाही. मागोमाग मीही गेलो. मग त्याने आम्हा दोघांच्या हातांवर बाटलीतले औषध ओतले, ते कोपरापर्यंत चोळायला सांगितले, आणि फावडे उचलले. त्या दिवशी त्यांना आणखी दोन खड्डे बुजवायचे होते.